देवीची टीका आणि देवीची लस: दिसायला सारखी, आतून निराळी

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक दावा फिरतो की देवी या रोगाची लस ती शोधणाऱ्या इंग्रज डॉक्टर जेन्नरच्या आधीच भारतात होती. लगेच कुणीतरी उलटं सुनावतं की त्याआधी नुसता अंगारा-धुपारा होता. दोघंही टीका आणि लस या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. टोचणं दोन्हींत आहे, हातावर वणही दोन्हींत राहतो. प्रश्न आहे तो कातडीखाली काय सोडलं याचा.

टीका म्हणजे प्रत्यक्ष देवीच टोचायची. बंगालमधल्या टीकादारांची, म्हणजे टीका टोचणाऱ्यांची, पद्धत हॉलवेल या इंग्रज डॉक्टरने १७६७ मध्ये तपशिलात लिहून ठेवली आहे. महिनाभर आधीपासून मासे, दूध, तूप बंद. मग हात कोरड्या फडक्याने चोळायचा, बारीक हत्याराने ओरखडे काढायचे आणि गेल्या वर्षीच्या फोडांतला पू लागलेला कापूस गंगाजलाने ओला करून वर बांधायचा. ताजा पू चालत नसे. तुर्कस्तानात आणि आफ्रिकेतही अशीच टोचणी होती. चीनमध्ये खपल्यांची पूड नाकात फुंकत.

हा निव्वळ भोळेपणा नव्हता. देवी एरवी श्वासावाटे शरीरात शिरे. कातडीतून शिरली की बहुतेकदा सौम्य येई आणि जन्मभराचं संरक्षण देऊन जाई. नैसर्गिक देवीने शंभरातले वीस-तीस जण दगावत, टीकेने एक-दोन. बोस्टनमध्ये १७२१ च्या साथीत हा फरक चक्क आकड्यांत मोजला गेला, आणि तिथे ही युक्ती सांगणारा ओनेसिमस हा आफ्रिकेतून आणलेला गुलाम होता. पण ते एक-दोन मृत्यू खरेच होते. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा धाकटा मुलगा ऑक्टेव्हियस १७८३ मध्ये टोचणीनंतरच गेला. शिवाय टोचलेल्या माणसाला आलेली देवी खरीच. त्याच्यापासून शेजाऱ्याला लागण होऊन साथ पसरू शके.

लशीत देवी नसतेच. तिचा एक सौम्य भाऊबंद असतो. १४ मे १७९६ ला जेन्नरने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या, गाईपासून आलेल्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. मग १ जुलैला त्याच मुलाला खरी देवी टोचून पाहिली. म्हणजे नव्या पद्धतीची परीक्षा जुन्या पद्धतीनेच घेतली! मुलाला काही झालं नाही. (आज कुठलीही नैतिकता समिती असला प्रयोग होऊ देणार नाही.) लशीने मरण अगदी क्वचित, आणि देवीची साथ पसरण्याचा तर प्रश्नच नाही. मात्र जेन्नरला वाटलं होतं तसं तिचं संरक्षण जन्मभर पुरत नाही. पुन्हा टोचावं लागे.

मग टीका लगेच का मागे पडली नाही? श्रद्धेचा भाग होताच, पण माझ्या मते साठवणुकीचा मुद्दा आपण फार कमी लेखतो. टीकादाराचा कापूस वर्षभर टिके. लस मात्र उष्णतेत आणि लांबच्या प्रवासात मरून जाई. म्हणून ती माणसांच्या हातांवरूनच न्यावी लागली: एकाला टोचायची, आठ-दहा दिवसांनी त्याच्या फोडातून पुढच्याला. १८०३ मध्ये स्पेनमधून बाल्मिस हा डॉक्टर २२ अनाथ मुलं जहाजावर घेऊन निघाला तो यासाठीच. भारतात ही साखळी मुंबईला सुरू झाली. बगदादहून बसऱ्यामार्गे आलेली लस १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर धरली. तिच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचलं, आणि तिथून ती पुणे, सुरत, मद्रासकडे गेली. परक्या पोराच्या हातातला पू आपल्या लेकराच्या हातात घालायला आईबाप कचरले, तर त्यात नवल काय?

ब्रिटनने १८४० मध्ये टीकेवर कायद्याने बंदी घातली. भारतात ती त्यानंतरही बराच काळ चालू होती.

जाता जाता: आज चाळिशीत असलेल्यांच्या दंडावरचा वण बहुधा यांपैकी कशाचाच नाही. तो क्षयाच्या बीसीजी लशीचा. आपल्याकडची देवी १९७५ मध्ये संपली, जगातून ती गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. आणि जिने ती घालवली त्या लशीतला विषाणू गाईचाही नव्हता. १९३९ मध्ये तपासल्यावर तो गाईच्या देवीपेक्षा वेगळाच निघाला. पुढच्या जनुकीय अभ्यासांत त्याचं जवळचं नातं घोड्यांच्या देवीशी जुळलं.