चौदा वर्षांनी सुटलेला माणूस आणि त्याचे पहिले पंधरा दिवस

जन्मठेपेचा बंदी सुटून येणार म्हटलं की गावात एकच प्रश्न फिरतो: परत काही केलं तर? ही भीती खोटी नाही. ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांच्यासाठी तर नाहीच. पण माझ्या मते आपण भीती चुकीच्या जागी बाळगतो.

गुन्हेगारीच्या अभ्यासात वयाइतकं प्रभावी कारण क्वचितच सापडतं. अमेरिका-युरोपातल्या आकडेवारीत गुन्ह्यांचा आलेख कुमारवयात झपाट्यानं चढतो, विशीच्या आसपास शिखर गाठतो आणि मग उतरत जातो. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्यानं १९४० च्या सुमारास बॉस्टनमध्ये सुधारगृहात गेलेल्या ५०० मुलांचा बारकाईनं अभ्यास केला होता. त्यांच्या फाइली पुढे हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांमध्ये धूळ खात पडल्या. जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन या संशोधकांनी १९८० च्या दशकात त्या बाहेर काढल्या आणि त्या मुलांचा माग थेट त्यांच्या सत्तरीपर्यंत काढला. कुणाची गुन्हेगारी लवकर थांबली, कुणाची उशिरा, पण वय वाढलं तशी ती ओसरत गेली. लवकर थांबलेल्यांच्या आयुष्यात बहुधा एखादं वळण होतं: निभावलेलं लग्न, टिकलेली नोकरी, सैन्यातली भरती. कारण साधं आहे. या गोष्टी दिवसाला शिस्त लावतात, जुन्या टोळक्यापासून तोडतात आणि माणसाकडे गमावण्यासारखं काहीतरी ठेवतात.

दीर्घ शिक्षा नेमकं हेच गमावण्यासारखं काढून घेते. तिशीत आत गेलेला माणूस पंचेचाळिशीत बाहेर येतो तेव्हा वयानं त्याच्यापुरतं काम बरंचसं केलेलं असतं, पण नाती आणि कामाची सवय दोन्ही सुटलेली असतात. त्यात आणखी एक गोष्ट घडते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लेमर यांनी १९४० मध्ये लिहून ठेवलं की बंदी हळूहळू तुरुंगाच्याच रीतीभाती अंगी बाणवतो. सकाळी बराक उघडते, गिनती होते, काम, जेवण, पुन्हा गिनती, संध्याकाळी बराकीला कुलूप. काय खायचं, केव्हा झोपायचं, कुणाशेजारी झोपायचं, हे दुसरंच कुणी ठरवतं. निर्णय घेणं हे सरावाचं काम आहे, आणि तो सराव वर्षानुवर्षं बंद असतो.

समजा, एखादा २००९ मध्ये आत गेला आणि २०२४ मध्ये सुटला. तो गेला तेव्हा आधार कार्ड नव्हतं. पहिलं कार्ड नंदुरबारमधल्या टेंभलीत २०१० मध्ये दिलं गेलं. त्याच्या ओळखीच्या पाचशे-हजारच्या नोटा २०१६ मध्ये बाद झाल्या. आता चहाच्या टपरीवर लोक फोन दाखवून पैसे देतात. रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं असू शकतं, बँकेतलं खातं निष्क्रिय झालेलं असू शकतं. काम मागायला जायचं तर कागद हवेत, आणि कागदांसाठी पत्ता हवा. या पहिल्या दिवसांत माणूस किती नाजूक असतो याचा एक भीषण आकडा आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका तिथल्या इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरा पट होता, आणि सर्वांत मोठं कारण होतं अमली पदार्थांचा अतिरेकी डोस. आपल्याकडची स्थिती वेगळी असेल, पण सुटकेचा दिवस म्हणजे संकटाचा शेवट नव्हे, हे त्यातून कळतं.

म्हणून पुनर्वसन सुटकेच्या दिवशी सुरू करून चालत नाही. ते आतूनच सुरू व्हावं लागतं, आणि त्यासाठीची साधनं महाराष्ट्रात जुनीच आहेत. संचित रजा, म्हणजे शिक्षा भोगत असताना काही दिवस घरी जाण्यासाठी मिळणारी फर्लो, ही सवलतीची खिरापत नाही. घराशी नातं टिकावं आणि अखंड कोंडणुकीचे दुष्परिणाम कमी व्हावेत, हाच तिचा उद्देश. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला १९३९ मध्ये औंध संस्थानानं बंद्यांना शेतीवर, बायकामुलांसोबत राहू दिलं. या प्रयोगामागे पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन होते. बी केव्हा पेरायचं, पाणी केव्हा द्यायचं, हे तिथं बंद्याला स्वतः ठरवावं लागे. राजस्थानात सांगानेरच्या खुल्या तुरुंगातही बंदी कुटुंबासह राहतात आणि बाहेर कामाला जातात. २०२२ मध्ये येरवड्यात सुरू झालेल्या ‘जिव्हाळा’ योजनेत राज्य सहकारी बँक बंद्याला पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज देते, सात टक्के व्याजानं. आत बसूनही माणूस घरच्या गरजेला हातभार लावू शकतो. पैशापेक्षा मला हे मोठं वाटतं. मुलीच्या फीसाठी पैसे पाठवणारा बाप घरात बाप म्हणून उरतो.

आता अडचण कुठं आहे ते सांगतो. रजेच्या अर्जावर पोलिसांचा अहवाल लागतो आणि घरचं कुणीतरी जामीनदार म्हणून उभं राहावं लागतं. ज्याचे आईवडील गेले, बायकोनं दुसरा संसार मांडला, भावांनी नाव टाकलं, त्याच्यासाठी सही कोण करणार? स्त्री बंद्यांच्या बाबतीत तर माहेर आणि सासर दोन्ही पाठ फिरवतात, असं अनेकदा घडतं. म्हणजे नाती जोडणारी रजा ज्याची नाती शाबूत आहेत त्यालाच सहज मिळते, आणि ज्याला ती सर्वाधिक हवी तो थेट शिक्षा संपल्यावरच, एकटाच, फाटकाबाहेर येतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून बंदी आणि सुटून आलेल्यांसोबत काम करतो आहे. जिल्ह्याजिल्ह्यात असे समाजकार्यकर्ते तुरुंगात नेमले, त्यांनी सुटकेच्या वर्षभर आधीपासून कागद, पत्ता आणि कामाची सोय लावली, आणि ज्याचं कुणी नाही त्याच्या जामीनदाराची जबाबदारी एखाद्या विश्वासू संस्थेनं घेतली, तर ही कोंडी फुटू शकते.