शास्त्रज्ञ सांगतात म्हणून खायचं?

फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्रिटनमधल्या सेन्सबरी आणि सेफवे या सुपरमार्केटांत टोमॅटो प्युरीचा एक नवा डबा आला. जनुकीय बदल केलेल्या टोमॅटोंपासून बनवलेली प्युरी, असं त्यावर सरळ छापलेलं होतं. टोमॅटो पिकायला लागला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनचे तुकडे करतं आणि फळ मऊ पडतं. झेनेका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी हे विकर तयार करणारं जनुक जवळपास बंद पाडलं होतं. पेक्टिन शाबूत राहिलं की रस मुळातच दाट, आटवायला इंधन कमी, म्हणून डबा स्वस्त. लोकांनी तो वाचून, समजून घेतला. तीनेक वर्षांत सुमारे १८ लाख डबे खपले.

१९९९ मध्ये तो दुकानांतून गेला. प्युरी खाऊन कुणाला काही झालं, अशी नोंद नाही. बिघडलं होतं ते दुसरीकडेच.

डबा बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच, २० मार्च १९९६ रोजी, आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत एक निवेदन केलं. तरुण माणसांत दिसू लागलेल्या मेंदूच्या एका नव्या, जीवघेण्या आजाराचं सर्वांत संभाव्य कारण म्हणजे गाईंचा ‘मॅड काउ’ रोग, असं त्यात होतं. कत्तलखान्यात उरलेल्या मांस-हाडांची भुकटी प्रथिनांचा स्वस्त पुरवठा म्हणून गुरांनाच खाऊ घातली जात होती. तिच्यातून प्रिऑन पसरले. प्रिऑन म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावतं आणि नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही. पुढे ब्रिटनमध्ये या आजाराने १७८ माणसं गेली.

हे एका रात्रीत उघडकीला आलं नव्हतं. गुरांमधला रोग १९८६ मध्येच ओळखला गेला होता आणि १९८८ मध्ये त्या भुकटीवर बंदीही आली. १९८९ मध्ये साउथवुड समितीने अहवाल दिला: माणसाला धोका असण्याची शक्यता फार कमी आहे, पण आमचा अंदाज चुकला तर परिणाम अतिशय गंभीर होतील. मला या सगळ्या प्रकरणात ‘पण’च्या पुढचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शास्त्रज्ञांनी तो लिहिला होता, लोकांपर्यंत पोहोचला तो फक्त पहिला अर्धा भाग. १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर आपल्या चार वर्षांच्या मुलीला कॅमेऱ्यांसमोर गोमांसाचा बर्गर भरवत होते. चौकशी आयोगाने २००० मध्ये म्हटलं की सरकार खोटं बोललं नव्हतं. लोक उगाच घाबरतील या धास्तीने ते धीर देत राहिलं, आणि म्हणूनच खरं कळल्यावर लोकांना फसवल्यासारखं वाटलं.

१९९६ च्याच अखेरीस अमेरिकेतून युरोपात नवं सोयाबीन येऊ लागलं. त्यात ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारं जनुक होतं. ते साध्या सोयाबीनमध्ये मिसळलेलंच येत होतं आणि असंख्य तयार पदार्थांत जात होतं, पाकिटावर उल्लेख न होता. शेतकऱ्याची मेहनत वाचत होती, बियाणं आणि तणनाशक दोन्ही विकणाऱ्या कंपनीचा फायदा होत होता. खाणाऱ्याला काय मिळालं? काहीच नाही, आणि कुणी विचारलंही नाही. प्युरीमागचं तंत्र याच घराण्यातलं, पण तिथे माहिती होती, निवड होती आणि पैसे वाचत होते. ऑगस्ट १९९८ मध्ये आर्पाद पुस्ताई या शास्त्रज्ञाने टीव्हीवर सांगितलं की जनुकीय बदलाचे बटाटे खाणाऱ्या उंदरांवर दुष्परिणाम दिसले. पुढच्या वर्षी रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेने त्या प्रयोगातल्या त्रुटी दाखवल्या. पण ‘धोक्याचा पुरावा नाही’ हे वाक्य लोकांनी याआधी, ‘मॅड काउ’च्या वेळी, ऐकलेलं होतं. सोयाबीनसोबत प्युरीचा डबाही गेला.

अमेरिकेतल्या प्यू संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८८ टक्के शास्त्रज्ञांना जनुकीय बदल केलेलं अन्न सुरक्षित वाटत होतं, सामान्य लोकांपैकी फक्त ३७ टक्क्यांना. एवढी दरी दिसली की शास्त्रज्ञ म्हणतात, लोकांना विज्ञान शिकवा. त्यात तथ्य नाही असं नाही. त्याच वर्षी ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या एका पाहणीत सुमारे ८० टक्के लोकांनी ‘डीएनए असलेल्या’ अन्नावर तसं लेबल हवं असं सांगितलं, जणू काही भाजीपाल्यात डीएनए नसतोच! २०१९ च्या एका अभ्यासात तर सर्वांत कट्टर विरोधकांचं ज्ञान सर्वांत कमी आणि त्याबद्दलचा आत्मविश्वास सर्वांत जास्त आढळला.

पण मग १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन लोक निमूटपणे टोचून घेतात, ते कसं? तिथेही जनुकाचीच उचलाउचल आहे. फरक एवढाच की फायदा कुणाला, हे रुग्णाला ठाऊक असतं. चीजसाठी दूध नासवणारं कायमोसिनही १९९० पासून याच पद्धतीने बनतं. ते मात्र मी पुरावा म्हणून वापरणार नाही, कारण ते बहुतेकांना माहीतच नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी दाखवलं होतं की जो धोका दिसत नाही, आपण पत्करलेला नसतो आणि आपल्या हातात नसतो, तो आपल्याला मोठा वाटतो. याला अडाणीपणा म्हणता येत नाही.

तज्ज्ञांच्या भाषेनेही घोळ वाढतो. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं, नोव्हेंबरमध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तशी शक्यता कमी असल्याचं सांगितलं. पहिली संस्था एखादा पदार्थ मुळात अपाय करू शकतो का, हे पाहते. दुसरी हेही पाहते की प्रत्यक्षात पोटात जाईल तेवढ्या मात्रेने करील का. पहिल्या संस्थेच्या त्याच गटात लाल मांसही आहे. बातम्यांतून एवढं कोण समजावून सांगणार!

उलट बाजूला, ग्लायफोसेटला तणं सहजी दाद देणं थांबवणार नाहीत, असा भरवसा १९९० च्या दशकात तज्ज्ञच देत होते. मग ऑस्ट्रेलियात १९९६ मध्येच दाद न देणारं रायग्रास सापडलं, आणि पुढे अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांत राजगिऱ्याच्या कुळातल्या तणाने शेतकऱ्यांना पुन्हा खुरपणीवर आणलं. ज्यांनी उत्क्रांती शिकवायची त्यांनाच ती विसरायला झाली, हे काही लोकांच्या अज्ञानाचं उदाहरण नव्हे.

जुलै २०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने जनुकीय बदलाच्या पदार्थांवर लेबल सक्तीचं केलं. लेबलामुळे लोक बिथरतील, अशी उद्योगाची ओरड होती. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातल्या इतर भागांच्या तुलनेत व्हरमाँटमधला विरोध १९ टक्क्यांनी घटलेला दिसला. जपानमध्ये २०२१ मध्ये क्रिस्पर या नेमक्या जागी काटछाट करणाऱ्या तंत्राने जनुक संपादित केलेला, रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत करू शकणाऱ्या गाबा या घटकाने समृद्ध टोमॅटो आला. कंपनीने आधी त्याची रोपं हजारो घरगुती बागकाम करणाऱ्यांना फुकट वाटली. फळं तंत्राच्या उल्लेखासह विक्रीला आली, ती त्यानंतर.