बार्ले-हेर्टॉग: गट 91, 92 आणि एक निकाल

बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतातल्या या जेमतेम साडेसात चौरस किलोमीटरच्या पालिकेबद्दल लिहिणारे बहुतेक जण 1198 पासून सुरुवात करतात. ब्रबांटच्या ड्यूकने ब्रेडाच्या सरदाराला इथल्या जमिनी दिल्या, मात्र ज्यांवर आपली कुळे नांदत होती त्या स्वतःकडे ठेवल्या, आणि गावाचे तुकडे पडले. गोष्ट खरी आहे. पण अशी सरमिसळ त्या काळी युरोपात जागोजागी होती आणि पुढे ती मिटलीही. स्पेन आणि डच यांच्यातल्या 1648 च्या तहात ब्रेडा डचांकडे गेले, टर्नहाउट शहराच्या अखत्यारीतला हा भाग स्पेनकडे राहिला. तरीही आजचा नकाशा घडला तो ड्यूकपेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या कारकुनांमुळे.

बेल्जियम नेदरलँड्सपासून वेगळा झाल्यावर सीमा आखणाऱ्या आयोगाने इथे हात टेकले. सलग रेघ ओढणे जमेना, म्हणून 1843 मध्ये ‘जैसे थे’ ठरवून 5,732 गट एकेक करून या किंवा त्या देशाच्या नावे लिहिले गेले. आज डच भूमीत 22 बेल्जियन तुकडे आहेत, त्यांच्या पोटात पुन्हा 7 डच तुकडे. सर्वांत लहान बेल्जियन तुकडा 26 गुंठ्यांचा. पालिकेतले दक्षिणेचे झोंडरआयगन हे गाव तेवढे उरलेल्या बेल्जियमला लागून आहे, आणि खरा वाद निघाला तो तिथेच.

दोन्ही पालिकांनी 1841 मध्ये मिळून केलेल्या नोंदीत गट 78 ते 111 सरसकट शेजारच्या डच बार्ले-नासाऊचे होते. 1843 च्या कराराला जोडलेल्या नोंदीत मात्र 91 आणि 92 हे दोनच गट मधून उचलून बेल्जियमकडे दाखवले गेले. डचांचे म्हणणे, ही उतरवून घेताना झालेली चूक. त्यांच्या बाजूला वहिवाट होती: जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे खरेदीखत, सारा, सगळे शंभरेक वर्षे डच दप्तरात. आपल्याकडे सातबाऱ्यावर एकाचे नाव आणि नांगर दुसऱ्याचा असतो, तसला हा मामला. 1957 मध्ये दोन्ही देशांनी तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेला.

जून 1959 मध्ये 10 विरुद्ध 4 मतांनी निकाल बेल्जियमच्या बाजूने लागला. चूक सिद्ध होत नाही, असे बहुमताने म्हटले. आणि डच नोंदी म्हणजे स्थानिक अधिकाऱ्यांची नेहमीची कामे, तेवढ्याने सार्वभौमत्व जात नाही. 1892 च्या एका करारात बेल्जियमने हेच गट देऊ केले होते, पण त्याला मंजुरीच मिळाली नव्हती. तेव्हा डचांना त्यातून हक्क मिळाला नाही; उलट बेल्जियम ते गट आपलेच धरत होता, एवढे दिसले. कायद्याच्या चौकटीत हे बसते. तरी दोन गट कशासाठी वेगळे काढले याचा उलगडा निकालातून फारसा होत नाही, आणि शंभर वर्षांचा कारभार ‘नेहमीची कामे’ म्हणून झटकणे जरा जास्तच झाले. सरकारी कारभार दुसरा असतो तरी कसला? या बाबतीत चौघांचे अल्पमत जास्त पटते. सीमेवर अखेरचा शिक्का बसायला तरीही 1995 उजाडले.

पहिल्या महायुद्धात हीच गुंतागुंत कामी आली. जर्मनांनी बेल्जियम व्यापला, पण या तुकड्यांपर्यंत जायला तटस्थ नेदरलँड्स ओलांडावे लागले असते. 1915 मध्ये बेल्जियनांनी तिथे बिनतारी केंद्र उभारले. झोंडरआयगनला मात्र हे कवच नव्हते. ते जर्मनांच्या ताब्यात गेले.

पर्यटक येतात ते फरसबंदीतले सीमा दाखवणारे पांढरे क्रॉस पाहायला. घर ज्या देशात मोडायचे ते दर्शनी दारावरून ठरते, त्यामुळे दार सरकवून देश बदलल्याचे किस्से इथे भरपूर. लोव्हरन रस्त्यावर एका घराच्या दारातूनच सीमा जाते; तिथे दोन क्रमांक, दोन घंटा, एकीकडे बेल्जियमचा झेंडा तर दुसरीकडे नेदरलँड्सचा. बेल्जियन पालिकेच्या कचेरीतूनही रेघ जाते. 2020 च्या वसंतात बेल्जियमने दुकाने बंद केली, डचांनी नाही. तेव्हा सीमेवरच्या एका कपड्यांच्या दुकानात बेल्जियन अर्ध्या भागापुढे पट्टी लावली होती आणि उरलेल्या अर्ध्यात विक्री चालू होती.