विमानतळाचा वीस वर्षांचा प्लॅन: आधी जमीन, वारा आणि पाऊस, टर्मिनल नंतर

नकाशा उघडून बघा. गोव्यातले दोन विमानतळ, दाबोळी ते मोपा, सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटर, मोपा ते सिंधुदुर्गातलं चिपी ४५ च्या आसपास, आणि मोपा ते बेळगावचं सांबरा ८० च्या आसपास. एवढ्याशा पट्ट्यात चार विमानतळ, आणि पेडण्यापासून कुडाळपर्यंत कुठेही चहाला बसलात तर चर्चा तीच, टर्मिनल मोठं कधी होणार, मोठी विमानं कधी येणार, नवीन फ्लाइट कुठली. चर्चा व्हायलाच पाहिजे, विमानतळ लोकांच्या जमिनीवर उभा असतो. पण ती टर्मिनलपासून सुरू होते तिथेच गडबड आहे असं मला मनापासून वाटतं.

टर्मिनल कमी पडलं तर बाजूला अजून एक हॉल काढता येतो, फारच झालं तर पाडून नवीन बांधता येतं, जगभर हे चालूच असतं. पण धावपट्टीची दिशा, तिच्या दोन्ही टोकांपलीकडची जमीन, आसपासच्या बिल्डिंगांची उंची आणि पठाराखालचं पाणी, ह्या चार गोष्टी एकदा हातातून गेल्या की गेल्या. विमानतळाचा मास्टर प्लॅन साधारण २० वर्षांचा करतात, ५, १० आणि २० वर्षांचे टप्पे पाडून. छोट्या विमानतळाच्या बाबतीत त्या प्लॅनचं मुख्य काम म्हणजे ह्या चार गोष्टी राखून ठेवणं.

आधी वारा. विमानाला उडताना आणि उतरताना वारा समोरून हवा असतो, आडवा वारा त्याला बाजूला ढकलतो. म्हणून निदान पाच वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी घेऊन एक गोल आलेख काढतात, त्याला विंड रोझ म्हणतात, आणि त्यावर धावपट्टीची दिशा फिरवून फिरवून बघतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना म्हणजे आयसीएओ सांगते की किमान ९५ टक्के वेळ आडवा वारा मर्यादेच्या आत राहिला पाहिजे. ही मर्यादा विमानाप्रमाणे बदलते, १,५०० मीटर किंवा जास्त धावपट्टी लागणाऱ्या विमानांना ताशी ३७ किलोमीटर, १,२०० ते १,५०० वाल्यांना २४ आणि त्याहून छोट्यांना १९. म्हणजे विमान जितकं छोटं तितका वारा जास्त त्रास देतो, आणि छोट्या विमानतळावर तर छोटीच विमानं येणार.

आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून, थंडीत सकाळी मतलई वारे पूर्वेकडून आणि दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून. त्यामुळे पूर्व-पश्चिम धावपट्टी आपल्या किनाऱ्याला मानवते. दाबोळीच्या धावपट्टीचे आकडे ०८ आणि २६ आहेत, म्हणजे होकायंत्रावर साधारण ८० आणि २६० अंश. पावसाळ्यात विमानं कुठ्ठाळी-सांकवाळच्या बाजूने येऊन समुद्राकडे तोंड करून उतरतात ती ह्यामुळेच.

धावपट्टीची लांबी नुसतं विमान बघून ठरत नाही, हवा बघावी लागते. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही कमी पडते, मग तेच विमान जास्त लांब पळतं. नियोजनाचा जुना हिशोब असा: समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के लांबी वाढवा, आणि १५ अंशांच्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त तितके टक्के वाढवा (उंचीवर हे प्रमाण तापमान थोडं कमी धरतात). सर्वात गरम महिन्यातलं रोजचं कमाल तापमान सरासरी काढून धरतात, आपल्याकडे ते ३३ च्या आसपास येतं. एखाद्या विमानाला आदर्श हवेत २,१०० मीटर लागतात असं उदाहरण घेतलं तर १८ टक्के वाढवून जवळपास २,४८० झाले. चिपीची धावपट्टी २,५०० मीटर आहे. मोपाची ३,५०० मीटर आहे, कारण तिथे लांब पल्ल्याची, इंधनाने भरलेली जड विमानं धरलेली आहेत. एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानाला मात्र १,३०० मीटरच्या आसपास पुरतात, आणि छोट्या शहरांना जोडणारं विमान सध्या मुख्यतः तेच आहे.

आता टोकांपलीकडची जमीन. धावपट्टी संपली की पुढे ६० मीटरची पट्टी, त्यापुढे २४० मीटरचा सुरक्षा भाग असावा अशी शिफारस आहे, विमान थांबलंच नाही तर त्याला मोकळी, सपाट जागा मिळावी म्हणून. आपल्याकडे विमानतळ सड्यावर म्हणजे उघड्या कातळी पठारावर होतात, कारण किनाऱ्याला सपाट जागा म्हणजे एकतर खाजन (खाडीकाठची सखल शेतजमीन) नाहीतर सडा. सड्याला कडा असते. मंगळुरूला २०१० साली विमान धावपट्टी ओलांडून कड्यावरून खाली गेलं आणि १५८ माणसं गेली, कोळिकोडला ऑगस्ट २०२० मध्ये भर पावसात तसंच झालं आणि २१ जण गेले. दोन्ही पठारावरच्या धावपट्ट्या. म्हणून कोणी म्हणालं की धावपट्टीच्या टोकाला जागा नुसती रिकामी पडलीय, तिथे पार्किंग काढा, हॉटेल काढा, तर गावकऱ्यांनी आणि प्लॅन करणाऱ्यांनी दोघांनीही तिथे ठाम उभं राहायला पाहिजे. ती जागा रिकामी राहण्यासाठीच घेतलेली असते.

आणि जमिनीवरच्या जागेसारखीच आभाळातली जागाही राखावी लागते. धावपट्टीच्या टोकापासून बाहेर एक अदृश्य उतार धरतात, मोठ्या धावपट्टीला साधारण ५० मीटर लांबीला १ मीटर उंची, त्याच्या वर काहीही आलं नाही पाहिजे. भोवती ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटरची सपाट मर्यादा, त्यापुढे हळूहळू चढत जाणारी. पठाराखालच्या गावातल्या घराला ह्याचा फारसा त्रास होत नाही, पण शेजारच्या टेकडीवर उद्या बारा मजल्यांचं हॉटेल किंवा मोबाइल टॉवर आला तर होतो. एक चुकीचा टॉवर आला की विमानांना जास्त तिरक्या कोनात यावं लागतं, वजन कमी करावं लागतं, म्हणजे सीट रिकाम्या सोडून उडावं लागतं. पेडण्यात, म्हणजे मोपाच्याच तालुक्यात, जमिनीचे भाव ज्या वेगाने वर गेलेत ते बघता ही काळजी कागदावरची नाही, आणि हे नकाशे पंचायतीत भिंतीवर लावलेले असले पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कोकण-गोव्यात छोटा विमानतळ टिकतो की नाही ते जून ते सप्टेंबरमध्ये ठरतं. उपकरणांची मदत नसेल तर पायलटला डोळ्यांनी बघून उतरावं लागतं आणि त्यासाठी साधारण ५ किलोमीटर दिसायला पाहिजे. आपल्या पावसात ५ किलोमीटर? समोरचा माड दिसत नाही कधी कधी. इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टम म्हणजे आयएलएस बसवली की साध्या श्रेणीतही धावपट्टीवर ५५० मीटर दिसलं तरी चालतं आणि पायलट जमिनीपासून ६० मीटर उंचीपर्यंत खाली येऊन मग निर्णय घेऊ शकतो. फरक किती मोठा आहे बघा. पण त्या सोयीचा पूर्ण फायदा घ्यायचा तर धावपट्टीच्या अलीकडे ९०० मीटर लांब दिव्यांची रांग लागते, म्हणजे परत जमीन, आणि ती आधी राखली नसेल तर पुढे काजूची बाग किंवा कोणाचं तरी घर मध्ये येतं. दोनदा फ्लाइट रद्द झाली की माणूस तिसऱ्यांदा तिकीट काढत नाही, तो कोकण रेल्वे पकडतो, आणि मग पॅसेंजर नाहीत म्हणून फ्लाइट बंद होते. छोट्या विमानतळाकडे पैसे थोडे असतील तर काचेच्या दर्शनी भिंतीपेक्षा आधी हे करावं.

ह्यात एक चांगली बातमी आहे. गगन ही आपली उपग्रह प्रणाली जीपीएसचा सिग्नल सुधारून देते आणि तिच्या आधाराने आयएलएसच्या जवळपासच्या अचूकतेने उतरता येतं, तेही विमानतळावर महागडं यंत्र न बसवता. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर असं उतरवून दाखवलं. विमानात योग्य उपकरण पाहिजे आणि त्या विमानतळासाठी मार्ग आखून तपासून मंजूर झाला पाहिजे. चिपीसारख्या ठिकाणांसाठी माझ्या मते ही गोष्ट नवीन टर्मिनलपेक्षा कितीतरी जास्त कामाची आहे.

मग येतो अंदाजाचा प्रश्न, किती लोक येणार. दाबोळीला २०१८-१९ मध्ये ८४ लाखांच्या वर पॅसेंजर झाले होते, तेही नौदलाचा तळ असल्यामुळे नागरी विमानांना सगळा दिवस मोकळा नसताना. मोपा पहिल्या टप्प्यात वर्षाला ४४ लाखांसाठी बांधलाय आणि शेवटच्या टप्प्यात ३.३ कोटींपर्यंत नेता येईल असं ठरवलंय. अशा दोन विमानतळांच्या सावलीत असलेल्या छोट्या विमानतळाने नुसती जिल्ह्याची लोकसंख्या गुणून आकडे काढले तर ते फसतात. सावंतवाडीचा माणूस मुंबईला जायला काय बघतो? तिकिटाचा दर, दिवसात किती फ्लाइट, आणि टॅक्सीला किती लागणार. मोपाला पर्याय जास्त दिसले तर तो चिपी सोडून मोपाला येतो, आणि पुण्याची सोयीची फ्लाइट चिपीला मिळाली तर बांद्याचा माणूस तिकडे जाईल. सरकारची उडान योजना नवीन मार्गाला तीन वर्षं तुटीची भरपाई देते, तर खरा हिशोब चौथ्या वर्षाचा करायला पाहिजे.

अंदाज चुकला तर काय होतं ह्याचं मोठं उदाहरण कॅनडात आहे. मॉन्ट्रियलजवळ मिराबेल विमानतळासाठी १९६९ पासून जवळपास ९७,००० एकर जमीन घेतली, शेतकरी उठवले, १९७५ ला विमानतळ सुरू केला. पण जुना डोरवाल विमानतळ चालूच ठेवला आणि देशांतर्गत विमानं तिथेच राहिली, त्यामुळे परदेशातून येऊन पुढे जाणाऱ्याला एका विमानतळावरून दुसऱ्यावर जावं लागायचं. पॅसेंजर अपेक्षेच्या जवळपासही गेले नाहीत, २००४ मध्ये प्रवासी विमानं बंद झाली, २०१४ पासून टर्मिनल पाडायला घेतलं. घेतलेली बरीचशी जमीन आधीच परत द्यावी लागली होती. दाबोळी आणि मोपा दोन्ही चालवायचं आपण ठरवलंय तर ही गोष्ट इथल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी.

म्हणून आता जाणकार म्हणतात की प्लॅनमध्ये साल लिहू नका, आकडा लिहा. २०३५ साली टर्मिनल दुप्पट, असं न लिहिता क्षमतेच्या ६० टक्के पॅसेंजर झाले की डिझाइनला सुरुवात आणि ८० टक्के झाले की बांधकाम, असा ठोकताळा वापरतात. वाढ हळू झाली तर खर्च आपोआप पुढे जातो, जोरात झाली तर आपण तयार असतो. गर्दीच्या तासाचंही असंच. अमेरिकेतल्या एका जुन्या ठोकताळ्याप्रमाणे वर्षाला २ लाख पॅसेंजर असलेल्या विमानतळावर गर्दीच्या तासाला ०.१३ टक्के म्हणजे २६० माणसं धरतात, आणि ५० लाखांच्या विमानतळावर ०.०५ टक्के म्हणजे २,५००. पॅसेंजर २५ पट आणि गर्दी १० पटच्या आतच, कारण छोट्या ठिकाणी दोन विमानं एकाच वेळी आली की हॉल भरतो आणि बाकी दिवस रिकामा. बरेचदा एका फ्लाइटची वेळ चाळीस मिनिटं पुढे ढकलली तर नवीन हॉलची गरजच उरत नाही.

मोठं विमान आलं की बाकी खर्चही उडी मारतो. एटीआर ७२ साठी अग्निशमनाची पाचवी श्रेणी पुरते, किमान एक बंब. एअरबस ए३२० आली की सहावी श्रेणी, किमान दोन बंब आणि त्यांची माणसं, दिवसाला एकच फ्लाइट असली तरी. म्हणून मोठं विमान आणताना ते आठवड्यात किती वेळा येणार हे आधी विचारलं पाहिजे.

आणि आता पाणी. मोपाला केंद्राची मंजुरी २००० साली मिळाली, कोनशिला २०१६ ला बसली, मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली, जानेवारी २०२० मध्ये ती अटींसकट परत लागू झाली, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं. इतकी वर्षं लोक भांडले त्यात पाण्याचा मुद्दा फार मोठा होता आणि तो भावनेचा नव्हता, विज्ञानाचाच होता. सड्याचा चिरा (जांभा दगड) सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी आत मुरतं आणि पठाराच्या पायथ्याशी झरींतून वर्षभर बाहेर येतं, खालच्या कुळागरांचा (पोफळी-माडांच्या बागांचा) आणि विहिरींचा आधार तोच. ३,५०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद धावपट्टी म्हणजे २१ हेक्टर डांबर-काँक्रीट. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला (आणि जुलैत तो पडतोच) तर नुसत्या त्या पट्टीवरून २ कोटी १० लाख लिटर पाणी वाहतं, १०,००० लिटरचे २,१०० टँकर. पूर्वी त्यातलं बरंच मुरायचं, आता ते काही तासांत गटारात येतं. टॅक्सीवे (विमानांचे धावपट्टीपर्यंतचे रस्ते), पार्किंग, रस्ते ह्याच्या वर वेगळे. तेच पाणी खाली शेतात माती घेऊन शिरतं आणि मार्चनंतर झरीत कमी पडतं, पूर आणि टंचाई दोन्ही त्याच एका कारणाने.

ह्यावर उपाय आहेत. पाणी अडवून हळू सोडणारी तळी, मुरवणारे चर, आणि गाळ बसायला जागा. उघडं पाणी दिसलं की पक्षी येतात आणि पक्षी विमानाला धोका, म्हणून तळी झाकलेली किंवा लवकर रिकामी होणारी लागतात, त्यांना जागा जास्त जाते, आणि ती जागा पहिल्या दिवशीच्या नकाशात धरली नाही तर नंतर तिथे गोदाम उभं राहतं. प्रत्येक टप्पा वाढवण्याआधी पायथ्याच्या झरींचं पाणी मोजलेलं असलं पाहिजे, विमानतळ व्हायच्या आधीचं आणि नंतरचं, आणि गावच्या माणसांना सोबत घेऊन, कारण कुठली झर कुठल्या महिन्यात किती बारीक होते हे त्यांना तोंडपाठ असतं. मापं एप्रिल-मेमधली घ्यावीत. पावसाळ्यात सगळ्याच झरी भरून वाहतात, त्या मापांवरून काहीच कळत नाही.