जखमेवर चांदी कुठून आली?

मधुमेहवाल्याच्या पायाची जखम चिघळली, डॉक्टरांनी सिल्व्हर ड्रेसिंग लिहून दिलं आणि मेडिकलमध्ये बिल बघितलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, चांदी आहे, महाग असणारच. पण पैंजण बांधून जखम बरी होत नाही हो, काम करतो तो चांदीचा आयन, म्हणजे चांदीचा विद्युतभारित अणू. ओलाव्यात तो सुटतो आणि जंतूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन चिकटतो, की त्यांचा कारभार बंद.

सिल्व्हर नायट्रेटची, म्हणजे चांदीच्या क्षाराची कांडी जुने सर्जन जखमेवर वाढलेलं मांस जाळायला वापरायचेच. १८८० च्या सुमारास लाइपझिगला कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यात त्याचे २% थेंब घालायला सुरुवात केली आणि गनोरिया या लैंगिक आजाराच्या जंतूंमुळे येणारं अंधत्व भराभर कमी झालं. मग पेनिसिलिन आलं आणि चांदी अडगळीत गेली. आपल्या पिंपरीतच १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, पुढच्या वर्षी पेनिसिलिन बनायलाही लागलं, तेव्हा जखमेला चांदी लावा असं कोण म्हणणार!

अडलं ते भाजलेल्या पेशंटपाशी. जळालेल्या कातडीत रक्तच पोचत नाही, मग इंजेक्शनचं औषध तरी कसं पोचणार, आणि स्यूडोमोनास नावाचा जंतू तिथे मजेत वाढतो. १९६५ मध्ये अमेरिकेत कार्ल मॉयर यांनी ०.५% सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्या ठेवल्या, उपयोग झाला, पण चादरी काळ्या, हात काळे, वर अंगातलं सोडियम-क्लोराइड पट्टीत ओढलं जायचं ते वेगळंच. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी चांदीला सल्फा या जंतुनाशक औषधाची जोड दिली आणि सिल्व्हर सल्फाडायझिन आलं, तेच ते १% वालं पांढरं क्रीम.

नंतर नॅनोची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या चांदीची लाट. त्यातही पुणं आहेच, पाषाणच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) लोकांनी २००१ मध्ये चक्क बुरशीकडून चांदीचे नॅनोकण करून घेतले. (ड्रेसिंग नव्हे, फक्त कण!)

पण चांदीला जंतू सरावत नाहीत असं जे सांगतात ते काही खरं नाही, १९७५ मध्येच बॉस्टनच्या एका बर्न्स युनिटमध्ये चांदीला न जुमानणारा साल्मोनेला जंतू सापडला होता. पांढऱ्या क्रीमने भाजलेली जखम उलट हळू भरते असंही नंतरच्या अभ्यासांत दिसलं. आणि मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन तर म्हणतात की नुसती जखम भरावी म्हणून चांदीची पट्टी लावू नका, आधी मेलेलं मांस काढा, पायावरचा भार कमी करा, रक्तपुरवठा तपासा, शुगर आटोक्यात आणा.