पार्श्वभूमी : कॉटनग्रासची दलदल आणि तिच्यावर लादलेलं जंगल

जुलै २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाची ‘फ्लो कंट्री’ ही दलदल जागतिक वारसा यादीत गेली. निव्वळ पीटच्या, म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदलीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पुण्यात ही बातमी कुठे कोपऱ्यात आली असेल तर असेल. पण इथे टेकड्यांवर काय लावावं आणि माळरानाला पडीक म्हणावं का, यावर वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. असं भांडण तिकडे कसं झालं आणि कसं मिटलं, हे आपल्याकडच्यांनी वाचण्यासारखं आहे.

या गोष्टीच्या मध्यभागी कॉटनग्रास आहे. नावात गवत असलं तरी ती आपल्या नागरमोथ्याच्या, लव्हाळ्याच्या कुळातली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बी धरलं की दांड्याच्या टोकाला पांढऱ्या रेशमी धाग्यांचा गोंडा येतो. एका जातीत दांड्याला एकच गोंडा, दुसरीत तीन-चार लोंबते. ब्रिटनपासून सायबेरिया-अलास्कापर्यंत, जिथे पाणी आम्लधर्मी, थंड आणि निकृष्ट, तिथे ती राहते. एकगोंडी जातीचे ठोंब शंभराहून अधिक वर्षं जगतात, मुळं मात्र दरवर्षी नवी. अलास्कात बर्फाळ जमीन जसजशी वितळते तसतशी ही मुळं खाली उतरत जातात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की ती अमिनो आम्लं थेट शोषून घेते. नत्र कुजून सुटं होण्याची वाटसुद्धा पाहत नाही. एवढ्या उपाशी जमिनीत तगायचं तर दुसरा मार्ग नव्हताच.

तिचं मेलेलं शरीर पुण्यातही सापडतं. नर्सरीत आयात पीटची पिशवी मिळते, बहुधा बाल्टिक देशांतली. मूठभर पीट तळहातावर चोळून पाहा. तपकिरी भुसा झडून जातो आणि केसांसारखे राठ, लांब धागे उरतात. त्यातले बरेचसे कॉटनग्रासच्या पानांच्या बुडाचे असतात. पाण्याखाली हवा नसल्यामुळे शेवाळ आणि ही वनस्पती पुरती कुजत नाही, थरावर थर साचत जातो. वेग वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. वीतभर जाडीचा थर साचायला दोन शतकं लागतात.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. बर्फयुग सरल्यावर या दलदली तयार झाल्या. १७५३ मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची आजची पद्धत सुरू झाली, तेव्हाच या प्रजातीला नाव मिळालं. लोकांनी तिचा कापूस उशांत भरला, वाती वळल्या. तो सुताला काही नीट चालला नाही, कारण धागा ठिसूळ. आपल्याकडे हिमालयात हिची एक नातेवाईक कड्यांवर उगवते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या दोरखंडाच्या ‘भाबर’ गवताची आणि तिची इंग्रज अभ्यासकांनी गल्लत केली होती. सह्याद्रीत मात्र कॉटनग्रास नाही.

खरा मुद्दा १९८०च्या दशकातला आहे आणि तो आयकराचा आहे.

ब्रिटनमध्ये तेव्हा वरच्या टप्प्याचा आयकर ६० टक्के होता. वनशेतीवर केलेला खर्च तोटा म्हणून दाखवून तो इतर उत्पन्नातून वजा करता येई. म्हणजे शंभर पौंडांच्या लागवडीतले साठ सरकारच्याच तिजोरीतून आल्यासारखे. वर लागवडीचं अनुदान वेगळं. झाडं हाताशी आली की मालकी बदलायची आणि कराच्या दुसऱ्या, जवळजवळ करमुक्त कलमात शिरायचं. गायक, टीव्हीवरचे चेहरे, खेळाडू यांनी कधी पाहिलीही नसेल अशी जमीन सल्लागारांमार्फत घेतली. स्वस्तात स्वस्त जमीन म्हणजे दलदल. आपल्या सातबाऱ्यावर पोटखराबा असतो, तशी तिची किंमत.

मग प्रचंड नांगर आले. पीटमध्ये खोल चर काढून बाजूला सरी टाकायची आणि सरीवर उत्तर अमेरिकेतली सूचिपर्णी झाडं लावायची: सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन. चरातून पाणी निघून गेलं की पीट वाळतं, खचतं, त्यात हवा शिरते आणि हजारो वर्षं कोंडलेला कार्बन बाहेर पडू लागतो. सुमारे ६७ हजार हेक्टर दलदलीवर अशी लागवड झाली. ग्रीनशँक, डनलिनसारखे चिखलपक्षी उघड्यावर घरटी करतात. झाडी आली की कावळे-कोल्हे आसऱ्याला येतात, त्यामुळे हे पक्षी झाडीच्या कडेपासून काही शे मीटर लांबच राहतात. लागवड झालेल्या जमिनीहून कितीतरी जास्त जमीन त्यांच्या हातून गेली ती अशी. (ग्रीनशँक आपल्या ओळखीचा आहे, हिवाळ्यात उजनीच्या काठावर याच जातीचे पक्षी येतात.)

१९८७ मध्ये सरकारच्याच निसर्ग-सल्लागार संस्थेने अहवाल काढून लागवड थांबवा म्हणून सांगितलं. अहवाल अभ्यासपूर्ण होता, पण प्रकाशन केलं लंडनमध्ये. ही गोष्ट स्थानिकांच्या जिव्हारी लागली, आणि त्यांचं चूक म्हणता येत नाही. ओस पडत चाललेल्या त्या मुलखात वनशेतीने रोजगार आणला होता. तो बंद करा हे शेकडो मैलांवरून ऐकायचं, हे कुणाला आवडेल? वाद पेटला. मार्च १९८८च्या अर्थसंकल्पात करसवलत गेली आणि नांगर बघता बघता थांबले. पुढच्याच वर्षी त्या सल्लागार संस्थेचे तुकडे करण्याचं जाहीर झालं. खरं बोलल्याची किंमत त्या संस्थेने मोजली, असंच माझं मत आहे.

कोणी म्हणेल, झाडं लावणं वाईट कसं? हाच प्रश्न पुण्यात वेताळ टेकडीवर आणि तळजाईवर विचारला जातो. टेकड्या हिरव्या दिसाव्यात म्हणून तिथे सरसकट गिरिपुष्प लावलं गेलं. झटपट वाढलं, पण त्याच्याखाली मूळचं गवत आणि खुरटी झाडं कुठे उरली? सुपे-मोरगावच्या माळरानावर चिंकारा आहेत ते माळ उघडं आहे म्हणूनच. उघडी जमीन रिकामी नसते. तिथे काय उगवतंय हे वाकून पाहिल्याशिवाय खड्डे घेऊ नयेत, मग तो माळ असो की दलदल.

फ्लो कंट्रीत १९९०च्या दशकापासून उलटं काम सुरू झालं. अर्धवट वाढलेली झाडं तोडायची, चर बांध घालून बुजवायचे, सऱ्या सपाट करायच्या. पाणी वर आलं की बहुतेक ठिकाणी पहिली परतते ती कॉटनग्रास. पीट तयार करणारं शेवाळ मागाहून, तिच्या ठोंबांच्या सावलीत येतं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या डोंगरांवर कारखान्यांच्या धुराने शेवाळ मेलं आणि काळं पीट उघडं पडलं. तिथे आता हिची रोपं हाताने लावतात. हिच्या पोकळ ऊतींतून मिथेन हा हवा तापवणारा वायू वर सुटतो, हेही खरं. पण कोरड्या पीटमधून झिजणाऱ्या कार्बनपुढे पाणी परत आणणंच लांबच्या हिशेबात फायद्याचं ठरतं. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्क्यांवर पीट आहे, तरी त्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत साठलेल्या कार्बनहून जास्त भरतो.

पीटच्या विक्रीचा प्रश्न मात्र लोंबकळतोय. इंग्लंडने हौशी बागवाल्यांना पीट विकण्यावर २०२४ पासून बंदी आणू असं २०२२ मध्ये जाहीर केलं. ती मुदत कायदा न होताच सरली. पुण्यातल्या गच्चीवरच्या बागांना पीटची मुळीच गरज नाही. नारळाच्या काथ्याचं कोकोपीट हाताशी आहे. त्यातला खारटपणा दोन-तीन पाण्यांनी धुवून काढला की झालं.

आता १९८०च्या दशकातली ती झाडं तोडणीला आली आहेत. ५० सेंटीमीटरहून खोल पीटवर नवं जंगल लावायचं नाही, हा तिथला नियम झाला आहे. पण तोडणीनंतर त्याच जागी पुन्हा लावायचं की दलदल परत आणायची, याचा निर्णय तुकड्यातुकड्याने होतो, आणि दर तुकड्यामागे लाकडाचा भाव आणि पीटची खोली अशी दोन्ही मोजमापं मांडली जातात.