साईट न उघडणे (लिनक्स क्लाऊड सर्व्हर)

लिनक्सच्या क्लाऊड सर्व्हरवरची साईट उघडत नसेल तर बऱ्याचदा दोनपैकी एक भानगड असते, एकतर नावावरून पत्ताच सापडत नाही म्हणजे डीएनएस, नाहीतर पत्ता सापडलाय पण आत कोणी घेत नाही म्हणजे फाईल परमिशन. गोव्यात होमस्टेच्या नाहीतर देवस्थानांच्या साईटी सांभाळणारे आम्ही लोक दोन्हीला सरसकट 'सर्व्हर डाऊन' म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. ४०३ (म्हणजे 'आत यायला परवानगी नाही' हा एरर) दिसला की निम्मं काम झालं समजायचं, कारण कुठल्यातरी वेब सर्व्हरपर्यंत आपण पोचलोय (तो आपलाच ना, एवढं बघायचं).

डीएनएस १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलं, त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या मशिनांची नावं होस्ट्स नावाच्या एकाच फाईलीत असायची. ती फाईल अजून प्रत्येक लिनक्सवर आहे आणि सहसा डीएनएसच्या आधी तीच वाचली जाते, टेस्टिंगला टाकलेली ओळ काढायची राहिली की ती बरोबर गंडवते. टीटीएल, म्हणजे मिळालेला पत्ता किती वेळ साठवून ठेवायचा तो आकडा, ८६४०० सेकंद असेल तर जुना पत्ता दिवसभर कॅशेत (त्या साठ्यात) राहू शकतो, म्हणून सर्व्हर हलवायच्या एक दिवस आधीच तो ३०० करून ठेवायचा.

म्हापशातल्या एका होमस्टेची साईट मी चवथीच्या तोंडावर नव्या सर्व्हरवर नेली, घरच्या वायफायवर सगळं मस्त, आणि मालकाचा फोन, "अरे माझ्या मोबाईलवर जुनेच रेट दिसतायत!" दोन तास कॅशे साफ करत बसलो. शेवटी डिगने (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) दोन्ही रेकॉर्ड विचारले तर ए रेकॉर्ड, म्हणजे जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ पत्त्याचा, नवा पण क्वाड-ए, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ चा, अजून जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवतोय! घरच्या कनेक्शनला आयपीव्ही६ नव्हतंच, मला दिसणार कसं.

परमिशनचं गणित सोपं, वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, यांची बेरीज तीनदा लिहायची, मालकाला, ग्रुपला आणि बाकीच्यांना, म्हणून फोल्डरला ७५५ आणि फाईलीला ६४४. अडतं ते फोल्डरच्या त्या १ वर, कारण तो म्हणजे आतून पुढे जायची मुभा, वाटेतल्या एकाही फोल्डरला ती नसेल तर शेवटची फाईल ६४४ असूनही काही उपयोग नाही. उबुंटू लिनक्सने २१.०४ पासून नवीन युजरचं होम फोल्डर ७५० केलं, तेव्हा साईट तिथे ठेवली की एनजिनएक्सला (वेब सर्व्हरला) बाहेरच थांबवतात. नेमआय -एल या कमांडला पूर्ण पाथ दिला की कुठे अडलंय ते ओळीने दिसतं. ७७७ मारणं, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा देणं, म्हणजे किल्ली सापडत नाही म्हणून दारच काढून ठेवणं. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर सगळे आकडे बरोबर असून ४०३ आला तर एसईलिनक्सचं (परमिशनच्या वरचा आणखी एक पहारा) लेबल बघा.

कधीकधी दोन्ही दुखणी एकाच फाईलीत येतात. रूटने (सर्वाधिकारी युजरने) हाताने बनवलेली रिझॉल्व्ह.कॉन्फ, म्हणजे कुठल्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते लिहिलेली फाईल, ६०० (फक्त मालकाला वाचता येणारी) राहिली की रूटच्या टर्मिनलमधून डिग छान उत्तर देतो, पण वेबअ‍ॅपच्या युजरला फाईल वाचताच येत नाही म्हणून पेमेंट गेटवेचं नाव सापडत नाही, आणि माणूस डीएनएस प्रोव्हायडरला तिकीट टाकून वाट बघत बसतो.